अ‍ॅडव्हान्स एक्सेलचा वर्ग: बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे अनुभव

आपल्या भागात अ‍ॅडव्हान्स एक्सेलच्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा आता सारख्या निघतात. जाहिरात सगळ्यांची एकच: व्ही-लुकअप (यादीतून जुळणारी माहिती शोधून आणणं), पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गोषवारा), मॅक्रो (तेच तेच काम आपोआप करून घेणं), डॅशबोर्ड. शिकून ऑफिसात परत गेल्यावर त्यातलं नेमकं काय हाताला लागलं, ते मात्र कुणी सांगत नाही. वर्ग लावू की नको, असं विचारणाऱ्या पोरापोरींसाठी ते लिहून ठेवायला हवं. माझं मत आधीच सांगतो. आपल्या कामाची फाईल घेऊन बसू देतात, तोच वर्ग खरा. तुमचं काय ते फॉर्म्युल्यासकट लिहा. संस्थेचं किंवा मालकाचं नाव मात्र नको.

उद्यमबाग (बेळगाव), फौंड्रीत अकाऊंट्स

आमचा माल थोडा कोल्हापूरकडनं येतो, थोडा इथलाच. पार्टीच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन आकडे 27 असले की महाराष्ट्र, म्हणजे आयजीएसटी, परराज्यातल्या मालाचा कर. 29 असले की आपलं कर्नाटक, म्हणजे सीजीएसटी-एसजीएसटी. हे सगळं बिल बघून हातानं भरायची पद्धत होती. सरांनी आमचंच खरेदी रजिस्टर पडद्यावर लावलं, लेफ्टनं ते दोन आकडे काढले आणि त्यावर इफ, म्हणजे अट, लावली. तरी सगळ्या ओळी आयजीएसटीतच जाऊन बसल्या! लेफ्टनं काढलेलं 29 एक्सेलच्या लेखी मजकूर असतो, आकडा नव्हे. फॉर्म्युल्यात त्याला अवतरणचिन्हं घातली, "29" असं लिहिलं, आणि मग बरोबर आलं.

दुसरं काम 2बी, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दिसणारी आपल्या खरेदी बिलांची यादी, आपल्या रजिस्टरशी जुळवायचं. नुसत्या बिल नंबरवर जुळवू नका, दोन पार्ट्यांचा नंबर सारखा निघतो. जीएसटी क्रमांक आणि बिल नंबर जोडून एक कॉलम करा आणि त्यावर लुकअप लावा. त्याआधी ट्रिम फिरवून मागच्यापुढच्या मोकळ्या जागा काढा. बिल नंबरचा कॉलम भरण्याआधीच टेक्स्ट करून ठेवा, नाहीतर 0045 चं 45 होतं आणि जुळत नाही.

चिकोडी तालुका, दूध डेअरी

दुधाचं दरपत्रक बघितलंय का? फॅट उभं, एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) आडवं, आणि जिथं दोन्ही मिळतात तिथं दर. व्ही-लुकअप इथं अर्धंच काम करतं. मॅडमनी इंडेक्समध्ये दोन मॅच घालून दाखवले, एक फॅटची ओळ शोधतो, दुसरा एसएनएफचा कॉलम. 3.5 आणि 8.5 टाकलं की दर समोर. मन भरून आलं बघा, कारण हे पत्रक बोटानं बघत बघत वर्षं गेली आहेत.

पण खरं शिक्षण त्याच्या पुढं झालं. काही फॅटला दर येई, काहींना एन-ए, म्हणजे "सापडलं नाही". पत्रक करताना वरच्या सेलमध्ये 0.1 मिळवत कॉलम खाली ओढलेला होता. डोळ्याला 3.9 दिसतं, पण कॉम्प्युटर 0.1 तंतोतंत साठवू शकत नाही, म्हणून बेरीज करत गेलं की आत किंचित फरक साठत जातो. मॅचला तंतोतंत सारखं लागतं. प्रत्येक बेरजेला राउंड लावून एका दशांशावर आणलं आणि सगळे दर येऊ लागले. हे कुठल्या छापील नोट्समध्ये नव्हतं. आमची फाईल उघडली म्हणून सापडलं. पहाटे कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसाला "कॉम्प्युटर दर दाखवंना झालाय" असं कसं सांगणार?

निपाणी

माझा वर्ग फुकट गेला. एका कॉम्प्युटरवर दोघं, सर स्लाइड पुढं ढकलणार, आणि मॅक्रो शेवटच्या तासात उरकलेले. एक गोष्ट तेवढी कामाची मिळाली. तारखा सेलमध्ये डावीकडं चिकटल्या असतील, म्हणजे एक्सेलनं त्या मजकूर मानल्या असतील, तर विंडोजची रीजन सेटिंग बघा. अमेरिकन असेल तर 05/06 ला ते 6 मे समजतं आणि 13/06 ला तारीखच मानत नाही. भारतीय केलं की आकड्यांचे स्वल्पविरामही लाख-कोटीचे होतात.

खानापूर, सौहार्द (सहकारी) सोसायटीत क्लार्क

सर कन्नडमध्ये शिकवायचे, मध्येच हिंदी. मला कन्नड समजतं, पण शंका विचारताना जीभ अडायची. शेजारची ताई मराठीत सांगायची, मी तिला पिव्होट दाखवायचे. असं आमचं जमलं.

वार्षिक सभेच्या नोटिसा आम्ही दोन्ही भाषांत काढतो. सभासदांच्या यादीत भाषेचा एक कॉलम घातला, मेल मर्जमध्ये (यादीतली नावं पत्रात आपोआप भरायची सोय) त्यावर फिल्टर लावला, आणि मराठी-कन्नड दोन पत्रं वेगवेगळी निघाली. अडचण नावांची होती. जुन्या फॉन्टमधली नावं दुसऱ्या मशिनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात, शोधता येत नाहीत. शेवटी सगळी युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशिनवर तशीच दिसतील अशी, नव्यानं टाइप करायला घेतली. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिका, हे मी प्रत्येकीला सांगते. मराठीत ज्या कळीवर क आहे, कन्नडमध्येही त्याच कळीवर क आहे. एकदा बोटं बसली की दोन्ही भाषा झाल्या.

शहापूर (बेळगाव), स्वतः वर्ग घेतो

वर्गाला येण्याआधी ऑफिसात एक्सेल कुठलं आहे ते बघून या. एक्स-लुकअप, म्हणजे व्ही-लुकअपचं नवं रूप, फार सोपं आहे, पण 2016 आणि 2019 मध्ये ते नाही. तिथं इंडेक्स-मॅचच शिकावं लागतं. आणि फाईल जरूर आणा, पण सोसायटीची असेल तर सभासदांची नावं, फोन, आधार क्रमांक काढून त्या जागी सभासद 1, सभासद 2 असं भरा. मूळ यादी ऑफिसातच राहू दे. वर्गातल्या कॉम्प्युटरवर फाईल उघडली असेल तर निघताना तिथली कॉपी पुसून रिसायकल बिनही रिकामी करा.