बाळाचा खोकला जात नाही, घरात चूल आहे. धुरामुळेच असेल का?

पाटणची_सून
बाळ 7 महिन्यांचं आहे. पावसाळ्यापासून खोकला बरा झाला म्हणेपर्यंत पुन्हा हजर. डॉक्टर म्हणाले, घरातला धूर बंद करा. त्यांचं काय जातं म्हणायला! गॅस आहे, पण चहा आणि पाहुण्यांपुरता. भाकरी, दूध, अंघोळीचं पाणी सगळं चुलीवर. लाकडं ओली, फुंकणी फुंकून डोळे लाल. सासूबाई म्हणतात, "माझी पाच पोरं ह्याच चुलीपुढं वाढली." धुराड्याची बिनधुराची चूल आणली तर भागेल का?

जुन्नरची_आशा
आधी श्वास मोजायला शीक. बाळ शांत असताना अंगडं वर कर आणि पूर्ण एक मिनिट पोटाकडं बघत मोज. या वयात 50 किंवा वर गेले तर त्याच दिवशी दवाखाना. बरगड्यांखाली खड्डा पडतोय, अंगावर ओढत नाही, निपचित पडलंय, तर रात्र असली तरी निघायचं. पोटावर चटके देऊ म्हणणारं कुणी निघालंच तर त्याला दारातूनच परत पाठव.

न्हाऊ घातल्यावर धुरी देता का गं? निखाऱ्यावर ओवा, शेपा, ऊद टाकून बाळाला वर धरतात, सगळा धूर थेट नाकात. ती आजपासून बंद. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी घालत असाल तर तीही. भाकरीवरून सासूबाईंशी भांडू नकोस, आधी पाण्याची चूल अंगणात ने.

बालरोगवाला
धुराड्याचं विचारलंत म्हणून सांगतो. ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागात तशा चुली देऊन बाळांवर लक्ष ठेवलं होतं. 2011 मध्ये निकाल आला: बाळांच्या नाकात जाणारा धूर निम्म्यावर आला, गंभीर न्यूमोनिया कमी दिसला, पण एकूण न्यूमोनियात ठोस फरक नाही. पुढे तमिळनाडू, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडात घरोघरी फुकट गॅस दिला. 2024 चा निकाल असा की वर्षाखालच्या बाळांचा गंभीर न्यूमोनिया तरीही घटला नाही. म्हणून गॅस पेटवला की खोकला पळाला, असं मी कुणाला सांगत नाही. धूर वाईटच. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं घरातल्या धुरानं 2020 मध्ये पाच वर्षांखालची 2 लाख 37 हजारांहून जास्त मुलं दगावली. पण तेवढ्यावर थांबू नका. न्यूमोनियापासून वाचवणारी न्यूमोकोकल लस 6 आणि 14 आठवड्यांना झाली का? तिसरी 9 व्या महिन्यात, सरकारी केंद्रात फुकट. घरात कुणाचा जुना खोकला? टीबी तपासून घ्या. बिडी कोण ओढतं?

देवगडकर
चुलीवरच्या भाकरीची चव गॅसला नाही, एवढं मात्र खरं.

जुन्नरची_आशा
मग तुम्ही बसा फुंकायला, भाऊ.

पाटणची_सून
धुरी रोज देतो, ताई. कार्ड काढून बघितलं, 14 आठवड्यांचा डोस राहिलाय, तेव्हा माहेरी होते. बिडी सासरे ओढतात, आणि भाकरीच्या वेळी बाळ पडवीत त्यांच्याकडंच असतं. सासूबाई पाण्याची चूल बाहेर न्यायला तयार आहेत, भाकरीचं नाव काढू देत नाहीत. गॅस नवऱ्याच्या नावावर आहे, वर्षाचे तीन फुकट सिलिंडर मिळतील का?

जुन्नरची_आशा
तीन फुकट सिलिंडरची अन्नपूर्णा योजना 2024 मध्ये निघाली ती बाईच्या नावावरच्या जोडणीला; आता तुला मिळेल का ते एजन्सीत विचार. मिळत असेल तर तिथंच नाव बदलायचा अर्ज दे. राहिलेला डोस आताही देतात, लसीकरणाच्या दिवशी कार्ड घेऊन जा. मामंजींना सांग, बिडी अंगणापलीकडं, आणि ओढून आल्यावर लगेच बाळाला घ्यायचं नाही.