सुई टोचते ती अज्ञानामुळे की कामाच्या रेट्यामुळे?

रातपाळी: परवा आमच्या हॉस्पिटलमध्ये स्टाफला वापरलेली सुई चुकून टोचते, त्यावर पुन्हा ट्रेनिंग झालं. पाहुण्या डॉक्टरांचं म्हणणं, सिस्टर्समध्ये जागरूकताच नाही. मला हे अजिबात पटलं नाही. वापरलेल्या सुईला परत टोपण लावायचं नाही, हे पहिल्या वर्षाची पोरगीही सांगेल. तरी गेल्या महिन्यात रात्री 3 वाजता टोपण लावतानाच माझ्या अंगठ्यात सुई गेली. 32 पेशंट, मी एकटी. हब कटर, म्हणजे वापरलेली सुई कापून टाकायचं यंत्र, वॉर्डच्या पार दुसऱ्या टोकाला आणि इकडे एक आजोबा सलाईन ओढून काढत होते. उघडी सुई हातात घेऊन धावणार कशी?

जुनी इन्चार्ज: बाळा, टोचल्यावर काय केलंस ते सांग. माझ्या बघण्यातल्या बहुतेकजणी बोट पिळतात, वर स्पिरिट ओततात. दोन्ही चूक. साबण आणि वाहतं पाणी, बस्स. सगळ्यांना धास्ती एचआयव्हीची, पण बाधित सुईतून त्याचा धोका साधारण 0.3 टक्के. हिपॅटायटिस बीचा, लस नसेल तर, 6 ते 30 टक्के. तीन डोस झाले म्हणून निर्धास्त राहतात, पण टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते बघायची रक्ततपासणी, किती जणींनी केलाय? याला मी अज्ञानच म्हणेन.

ओटी ब्रदर: मॅडम, माहिती असून करायचं काय? पीईपीची, म्हणजे टोचल्यावर एचआयव्ही होऊ नये म्हणून घ्यायची गोळी शक्यतो 2 तासांत, फार तर 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवी. त्यासाठी आधी कळवावं लागतं. मी पूर्वी होतो तिथे कळवणाऱ्या सिस्टरला मेमो मिळाला. त्यानंतर कुणी तोंडच उघडलं नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे हिपॅटायटिस बीची लस देणं संस्थेवर बंधनकारक आहे. तिथल्या कंत्राटी मुलींना ती कधी मिळाली नाही. हे काय त्या मुलींचं अज्ञान?

रातपाळी: मॅडम, बोट मी पिळलंच होतं. टायटरही केलेला नाही. पण कळवलं सकाळी, ड्युटी संपल्यावर, कारण वॉर्ड सोडून जाणार कुणाच्या भरवशावर? पेशंटचे रिपोर्ट निगेटिव्ह आले तोवर घरी लेकराला जवळ घ्यायचीही भीती वाटत होती.

जुनी इन्चार्ज: मेमो देणं चूकच, त्यावर वाद नाही. स्टाफ कमी आहे हेही खरं. तरी हब कटर आणि सुयांचा पांढरा डबा ट्रॉलीवर ठेवायला जादा माणूस लागत नाही. पिवळ्या पिशवीत सुई टाकायचीच नसते, तरी आमच्या मावशींना तिच्यातली सुई टोचली होती. ती तिथे टाकणारी आपल्यातलीच ना? आणि लेकराला जवळ घेतल्याने काही होत नाही, हेसुद्धा तुला कुणी सांगितलं नव्हतं. उद्या टायटरसाठी रक्त दे. 10 च्या खाली आला तर पुन्हा डोस घ्यावे लागतील.