स्टारफिश आपल्याला गांडुळापेक्षा जवळचा?? कसं काय

सातपूरची_झूलॉजीवाली:
नमस्कार मंडळी, एसवाय बीएस्सीला आहे, नाशिकलाच. काल लेक्चरला मॅडम बोलून गेल्या की स्टारफिश हा गांडुळापेक्षा आपल्या जवळचा, कारण भ्रूणात पहिलं जे भोक पडतं त्याचं पुढे काय होतं त्यावरून गट ठरतात. बेल झाली आणि विषय तिथेच राहिला. अहो गांडुळाला निदान पुढची बाजू मागची बाजू आहे, बंद नळ्यांतून रक्त फिरतं, स्टारफिशला तर डोकंच नाही! एका भोकावरून एवढं मोठं ठरवायचं? पाठ करून मार्क मिळतील पण डोक्यात बसत नाहीये.

गोदाकाठचा_बेडूक:
भोकाला ब्लास्टोपोर म्हणतात ते तुम्हाला माहीत असेलच. पेशींचा पोकळ चेंडू एका जागी आत दबतो, तिथून आतडं तयार व्हायला लागतं. ढोबळ नियम असा की गोगलगाय गांडूळ वगैरेंत तिथे तोंड होतं आणि स्टारफिश आणि आपल्या गटात तिथे गुदद्वार, तोंड नंतर दुसरीकडे फुटतं. म्हणजे आपली सुरुवातच उलट्या बाजूने, हसू नका 😄 ही प्रोटोस्टोम (आधी तोंडवाले) आणि ड्युटेरोस्टोम (तोंड नंतरवाले) नावं ग्रोबेन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाने १९०८ साली दिली. पण नुसत्या भोकावर कुणी ठरवलं नव्हतं हो, पेशी कशा विभागतात तेही बघितलं. चाराच्या आठ पेशी होताना स्टारफिशमध्ये वरच्या चार बरोब्बर खालच्यांच्या डोक्यावर बसतात, गोगलगायीत त्या तिरप्या सरकून दोघींच्या मधल्या खाचेत बसतात. पिंपळगावच्या मार्केटला टोमॅटोची रास बघितलीय ना, वरचा टोमॅटो खालच्या दोघांच्या खाचेत, अगदी तसं.

आणि तो पाच हातांचा आकार मोठेपणीचा आहे, स्टारफिशची अळी डावी-उजवी बाजू असलेलीच असते. मोठेपणीचं रूप बघून फसायला होतं म्हणून तर लहानपण बघायचं. बार्नॅकल घ्या, कोकणात खडकांवर पांढरे खरखरीत चिकटलेले असतात ते. कवच बघून क्युव्हिएसारख्या मोठ्या प्राणिशास्त्रज्ञाने त्यांना शिंपल्यांच्या गटात टाकलं होतं, १८३० मध्ये थॉम्पसनने अळी वाढताना बघितली तर ती निघाली कोळंबी-खेकड्यांच्या कुळातली! समुद्रातल्या सी-स्क्वर्टचं पण तेच, मोठेपणी नुसती पिशवी, पण १८६६ मध्ये कोवालेव्हस्कीने दाखवलं की तिच्या अळीला शेपूट आणि त्यात नोटोकॉर्ड, म्हणजे पाठीच्या कण्याच्या जागी असणारा लवचिक दांडा, आहे, म्हणजे ती आपली भाऊबंद.

दिंडोरीरोड_हॅचरी:
मी शिकलेला नाही एवढा, अंडी उबवायचा धंदा आहे. पाचव्या सहाव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरला की कोळ्याच्या जाळ्यासारख्या शिरा दिसतात आणि मधे ठिपका हलतो. आमच्याकडे प्रॅक्टिकलला पोरं अंडी न्यायला येतात त्यातल्या एकाने सांगितलं की पिल्लू ज्या पाण्याच्या पिशवीत असतं तशीच पिशवी पालीच्या अंड्यात पण असते आणि बाईच्या पोटात पण, बाळंतपणात पाणी सुटतं ते तेच. बेडूक माशाला नाही म्हणे. खरंय का हे?

गोदाकाठचा_बेडूक:
शंभर टक्के खरंय दादा. ती पिशवी म्हणजे अ‍ॅम्निऑन, सरडे पक्षी सस्तन सगळे मिळून त्यावरूनच एक गट धरतात. पोराला पुढच्या वेळी दोन अंडी जास्त द्या.

उपनगर_६६:
थोडं थांबा, हे सगळं इतकं सरळ नाहीये. भोकावरून मांडलेल्या हिशोबात चुका निघाल्यात. ब्रॅकिओपॉड म्हणजे शिंपल्यासारखे दिसणारे प्राणी, भ्रूण बघून कित्येकजण त्यांना आपल्या बाजूला धरायचे, १९९५ ला रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) जीनवरून ते गोगलगाय-गांडुळाच्या बाजूला गेले. १९९७ ला कात टाकणारे सगळे, म्हणजे कीटक आणि गोलकृमी, एका गटात आले, आणि आधी शरीराच्या पोकळीवरून केलेली अ‍ॅसिलोमेट-सिलोमेट (पोकळी नसलेले ते असलेले) अशी चढती शिडी मोडली. प्रियापुलिड नावाचे समुद्री किडे तर राहतात प्रोटोस्टोमच्या घरात आणि भोकाचं करतात गुदद्वार. आपल्यात तर धड भोक पण नसतं, प्रिमिटिव्ह स्ट्रीक नावाची लांबट खाच असते. स्टारफिश आपल्या बाजूला टिकला कारण डीएनएने पण तेच सांगितलं. पेपरात भ्रूणाचं लिहा आणि खाली दोन ओळी डीएनएच्या पण टाका, तपासणारा खूश होतो.

सातपूरची_झूलॉजीवाली:
अरे वा, हे कुणी सांगितलंच नव्हतं. मग जुळ्यांचं पण याच्याशी कनेक्शन आहे का, मॅडम काहीतरी म्हणाल्या होत्या.

उपनगर_६६:
हो. १८९१ ला ड्रीश नावाच्या शास्त्रज्ञाने सी-अर्चिनच्या (स्टारफिशच्या कुळातला काटेरी गोळा) दोन पेशींच्या अवस्थेत पेशी हलवून सुट्या केल्या, तर प्रत्येकीतून छोटी पण पूर्ण अळी तयार झाली. आपल्यात एकसारखी जुळी होतात ती यामुळेच, सुरुवातीच्या पेशींचं काम अजून पक्कं ठरलेलं नसतं. गोगलगायीत ते बरंच आधी ठरतं, सुटी केलेली पेशी पूर्ण पिल्लू करत नाही.

गोदाकाठचा_बेडूक:
डोळ्याने बघायचं असेल तर नदीतल्या पाणवेली उलट्या करून बघा, पानाखाली पारदर्शक जेलीचे चिकट पट्टे असतात ते पाण्यातल्या गोगलगायींची अंडी. कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली पिल्लं अंड्यात गोल गोल फिरताना दिसतात. पण तिरपी रचना बघायला ताजी अंडी लागतात, म्हणून चार-पाच गोगलगायी काचेच्या बरणीत ठेवा, रात्री घातली तर सकाळी लवकर उठून बघा. पाणी नदीचंच भरा, नळाचं नको, आणि घाटावर जाल तर चप्पल नको बूट घाला, पायऱ्यांवर शेवाळ लई आहे.

सातपूरची_झूलॉजीवाली:
रविवारी जाते. आईला बरणी कशाला ते सांगणार नाहीये 🙈