नवीन विंग बांधून काय होणार?
वरती कुणीतरी म्हटलंय की काउंटीने (म्हणजे अमेरिकेतल्या जिल्ह्याने) जेलला नवीन विंग बांधली की गर्दीचा प्रश्न मिटला. मला नाही पटत. अमेरिकेत काउंटी जेलमधले निम्म्याहून जास्त लोक अजून दोषी ठरलेलेच नसतात, त्यातले कितीतरी फक्त जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत, मग खाटा वाढवल्या तरी त्या भरणारच ना! न्यूयॉर्क शहरात समन्सचा फॉर्मच बदलला, कोर्टाची तारीख-वेळ-पत्ता वरतीच ठळक छापला, आणि तारखेआधी मोबाईलवर मेसेज पाठवले तर गैरहजेरी बऱ्यापैकी घटली, म्हणजे अटकेची वॉरंटही तेवढी कमी (खर्च काय, तर कागद आणि एसेमेस). इलिनॉय राज्याने तर सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच बंद केला. मानसिक आजारी लोकांचं मात्र एवढ्याने भागत नाही, त्यांना खाट हवी ती दवाखान्यात.