शंभर दिवस, स्वागत कमान आणि चार दिवसाआडचं पाणी

टोकाचं घर
आपल्या नगरसेविका ताईंचं 'शंभर दिवस, शंभर टक्के' हे पत्रक काल सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. न वाचता पुसून टाकलं असेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मारुतीच्या पारापासून शाळेपर्यंत काँक्रीट रस्ता, दोन हायमास्ट म्हणजे उंच खांबावरचे दिवे, खुल्या भूखंडावर ओपन जिम, कॉलनीच्या तोंडाशी स्वागत कमान आणि शेवटी ठळक अक्षरांत 'पाणी आता आठ नव्हे, चार दिवसाआड'. खाली सहा फोटो. पाचांत भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान. एकात ताई, त्याही नारळ धरून.

मी एरवी असल्या गोष्टींच्या नादी लागत नाही. पण ती पाण्याची ओळ वाचली आणि डोकं फिरलं. माझं घर पाइपलाइनचं शेवटचं घर, पुढे शेत. आमच्याकडे पाणी आलं ११ तारखेला, त्यानंतर थेट १७ला. आणि आलं म्हणजे काय, तर पहाटे साडेचारला नळ खोकला, दोन हंडे भरले, संपलं. एप्रिलातच पारा ४३ला टेकलाय आणि मी दोन हंड्यांचा हिशोब करतोय.

आता रस्ता. जुनं डांबर न खरवडता त्यावरच काँक्रीट ओतलं. माझा ओटा रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या वर होता, आता रस्ता ओट्याच्या बरोबरीला आला. जूनमध्ये पहिल्या पावसाचं पाणी विचारत नाही, सरळ देवघरात. पत्रकात खर्चाचा आकडा नाही, कुठल्या निधीतून तेही नाही. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेलाच लावायचा असतो, एवढं मलाही माहीत आहे. मग कमान कशातून झाली, हे विचारलं तर राग येऊ नये.

प्रभाग तेरा
राग कशाला येईल? हसू येतं. चार वर्षं प्रशासक होता, तेव्हा तुम्ही कुठे होते? २ डिसेंबरला मतदान, २१ला निकाल. त्याआधी नगरसेवक नावाचा प्राणीच गावात नव्हता. गटार तुंबली तर मुख्याधिकाऱ्यांच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसायचं आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' ऐकून घरी यायचं. तेव्हा एक ओळ लिहिली नाही. आता काम दिसू लागलं तर पोटात दुखून राहिलं. आमच्या गल्लीत पाणी चार दिवसांनी येतं, फुल प्रेशरने येतं. आधी विचारा, मग लिहा.

टोकाचं घर
चार दिवसांनी की चार दिवसाआड? चार दिवसाआड म्हणजे मध्ये चार दिवस कोरडे, पाचव्या दिवशी पाणी. चार दिवसांनी म्हणजे चौथ्या दिवशी. पत्रक काढणाऱ्याला तरी कळलंय का त्याने काय छापलं?

प्रभाग तेरा
मास्तरकी सोडा. पाणी येतं की नाही ते बोला.

माईची लेक
दोघंही भांडा, पण मला वेगळंच विचारायचंय. निवडून ताई आल्या. मग पत्रकाखाली सही भाऊंची का? फोन केला तर भाऊ उचलतात, कामाची पाहणी भाऊ करतात, नारळ तेवढा ताईंच्या हातात. २०११पासून निम्म्या जागा बायांना आहेत. पंधरा वर्षं झाली, आणि आपण अजून 'भाऊंच्या मिसेस' म्हणूनच मत देतो. मीही तसंच दिलं, खोटं कशाला बोलू.

प्रभाग तेरा
ताईंना दोन लहान लेकरं आहेत. भाऊ मदत करतात तर तुम्हाला काय?

माईची लेक
भाऊंना लेकरं नाहीत का? तीच तर आहेत.

खडी आणि रेती
मी पाइपलाइनच्या कामावर अकरा वर्षं काढली, दुसऱ्या तालुक्यात. त्यामुळे थोडं ऐका. तुमचं दोघांचंही खरं आहे. टाकीतून पाणी सुटतं ते सगळ्यांसाठी एकदमच. टाकी जमिनीपासून बारा मीटर उंच धरली तर फुकटचा दाब मिळतो साधारण सव्वा बार. त्यातला बराचसा पाइपाच्या घर्षणात आणि वळणांत जातो. तरी उरलेला शेवटच्या घराला बादली भरायला पुरेल. पण मधल्या तीसचाळीस घरांनी थेट लाइनला टिल्लू मोटार, म्हणजे पाणी ओढणारा छोटा पंप, लावली की टोकाला दाब राहत नाही. उलट पाइपात ओढ तयार होते. आणि आपली अर्धी लाइन गटारीला चिकटून गेलेली. एखादा जोड गळका असला की ती ओढ गटारीचंच पाणी आत घेते. मागे आमच्या कॉलनीत कावीळ पसरली तेव्हा सगळे टाकीला शिव्या देत होते. टाकी स्वच्छ होती. खोदलं तेव्हा जोडातून काळं पाणी निघालं.

म्हणून म्हणतो, पत्रकात चार दिवस लिहा नाहीतर दोन दिवस, मोटारी आहेत तोवर शेवटचं घर कोरडंच.

केळीवाला
मोटारींचं नाव काढलं म्हणून सांगतो. मागे एकदा जप्तीचं पथक आलं होतं. पहिल्या गल्लीत चार मोटारी उचलल्या, तोवर दुसऱ्या गल्लीत फोन पोचला. कुणी गादीखाली, कुणी धान्याच्या कोठीत. आमच्या आजीने मोटारीवर परात पालथी घातली आणि वर मेथी निवडायला बसली. पथकातला माणूस म्हणाला, 'आजी, उठा.' आजी म्हणे, 'गुडघे धरेल शेत भो, उठता येत नही.' तो बिचारा निघून गेला. ती मोटार अजून चालू आहे.

टोकाचं घर
वा. आजीचं कौतुक करा. त्या परातीखाली माझं पाणी होतं.

प्रभाग तेरा
आणि तुमच्याकडे मोटार नाही? छातीवर हात ठेवून सांगा.

टोकाचं घर
आहे.

लावावी लागते म्हणून आहे. मोटारीशिवाय दोन हंडे येतात, मोटारीने एक पिंप. वयाची ऐंशी पार केलेली आई घरात आहे, तिला रोज आंघोळ लागते. तुम्ही पहिल्या गल्लीतले, तुम्हाला नळ उघडला की पाणी. तुम्ही का लावता ते सांगा.

प्रभाग तेरा
वरच्या मजल्याच्या टाकीसाठी. खालून वर कसं चढवू, बादल्यांनी?

खडी आणि रेती
जमिनीखाली हौद करा. लाइनचं पाणी आपोआप हौदात पडू द्या आणि मोटार हौदावर लावा. ते कायद्यात बसतं. लाइनला मोटार लावणं ही चोरी आहे. शब्द कडक आहे, पण दुसरा सापडत नाही.

प्रभाग तेरा
हौदाला खर्च येतो साहेब. तुम्ही देता? चोर म्हणायच्या आधी जरा विचार करत जा. बिल भरतो आम्ही, वेळेवर भरतो.

माईची लेक
यावर एक उपाय काही गावांत करतात. पाणी सुटतं तेवढा वेळ त्या भागाची वीज बंद. आमच्या मावशीकडे चालू आहे. पण पहाटे साडेचारला वीज गेली की कूलर बंद, आणि माझ्या वहिनीचं बाळ सव्वा महिन्याचं. शिवाय ज्यांच्याकडे इन्व्हर्टर त्यांची मोटार तरीही चालूच राहणार. म्हणजे शिक्षा पुन्हा गरिबालाच.

कोथरूडकर, मूळचा खान्देशी
सगळं मोटारीवर का अडलंय? मीटर लावा. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने मीटर लावून चोवीस तास पाणी दिलंय. नळ कायम भरलेला असला की साठवायची हाव संपते, मोटार आपोआप जाते. इच्छाशक्ती लागते फक्त.

केळीवाला
आम्हाला वाटलं बुलढाण्याचं मलकापूर. म्हटलं हे कधी झालं! भाऊ, कऱ्हाडला कृष्णा आणि कोयना गळ्यात गळा घालून वाहतात. आपल्याला गिरणा. तीही आवर्तन सुटलं, म्हणजे धरणातून ठरल्या पाळीचं पाणी सोडलं, तरच. धरण नाशिक जिल्ह्यात, पाणी सुटलं की नदीतून येतं, वाटेत कोण किती उपसतं ते गिरणामाईलाच माहीत. जॅकवेलपर्यंत, म्हणजे आपल्या नदीकाठच्या उपसा विहिरीपर्यंत, पोचतं तेव्हा अर्धं झालेलं असतं. आणि पूर्वी नदीत वाळू होती तोवर आवर्तन संपल्यावरही पाणी महिनाभर झिरपत राहायचं. आता वाळू ट्रॅक्टरने गेली. खाली कातळ उघडा पडला, पाणी थांबणार कशावर? गिरणेवर रबरी फुगे फुगवून पाणी अडवणाऱ्या सात बलून बंधाऱ्यांचं मी लग्नाच्या आधीपासून ऐकतोय. माझा मुलगा आता बारावीला आहे.

कोथरूडकर, मूळचा खान्देशी
म्हणजे काहीच करायचं नाही? हीच ती मानसिकता.

केळीवाला
मानसिकता घेऊन सुट्टीत या एकदा. हंडा देतो, पहाटे रांगेत उभे राहा. भरीत-पुरी माझ्याकडून.

पांझराकाठ
लहान तोंडी मोठा घास नाही, वय झालंय म्हणून बोलतो. आमच्या साक्रीकडे पांझरा नदीवर फड होते, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घ्यायचं. शेकडो वर्षांची पद्धत. बंधाऱ्याचं पाणी पाटातून येई आणि ते शेताला मालक स्वतः धरत नसे, पाटकरी धरी. कुणाला किती वेळ, ते पाटकऱ्याने ठरवायचं. पाटलाचं शेत असलं तरी पाटाला हात लावायची सोय नव्हती. राखायला जागल्या होता, सगळ्यांवर हवालदार होता, आणि त्यांचा मोबदला सगळे मिळून देत. इंजिनिअर विश्वेश्वरय्या नोकरीच्या सुरुवातीला आमच्याकडे दातर्तीला पाइपाचं काम करून गेले, तेव्हाही हे फड चालूच होते. तुमचा व्हॉल्व्हमन म्हणजे पाटकरीच की. पण त्याला दर महिन्याला वेगळा पगार कोण चारतं, ते विचारा.

खडी आणि रेती
आप्पा, ऐकायला गोड वाटतं. पण फड आता उरले किती? वर धरणं झाली, काठावर विहिरी झाल्या, आणि विहिरीवर काय बसलं? मोटार.

पांझराकाठ
ते खरं आहे. माझ्याही विहिरीवर आहे, पाच एचपीची.

प्रभाग तेरा
हा हा. घ्या. सगळेच चोर निघाले. आणि बोलणी भाऊंना.

टोकाचं घर
भाऊंना बोलणी मोटारीसाठी नाहीत, पत्रकासाठी आहेत. 'चार दिवसाआड' हे टाकीपाशी उभं राहून लिहिलंय. टोकाला येऊन कुणी बघितलं का? ओपन जिमचा फोटो आहे. माझ्या नळाचा फोटो कुठे आहे?

आणि हो, हायमास्ट चांगला झालाय. रात्री माझी सून क्लासवरून येते, तिला आता टॉर्च लागत नाही. हे लिहितोय म्हणजे मी तुमच्या गटात आलो असं समजू नका.

प्रभाग तेरा
कमान विसरलात. कमानही चांगली झालीय.

टोकाचं घर
कमानीखालून ट्रकमधलं कडब्याचं वरचं भारं अडकलं परवा. तेवढ्यावरून ओळखा.

माईची लेक
मी आज ताईंना फोन केला. अपेक्षेप्रमाणे भाऊंनी उचलला. म्हटलं, 'भाऊ, ताईंना द्या, बायांचं काम आहे.' मग दिला. पाच मिनिटं बोलल्या. आपली लाइन कुठे कुठे वळते, ते ताईंना भाऊंपेक्षा जास्त माहीत, कारण त्या याच गावच्या आणि लहानपणी शाळेजवळच्या स्टँडपोस्टवर हंडे भरायच्या. म्हणाल्या, 'व्हॉल्व्ह किती वाजता उघडतो, किती वाजता बंद होतो ते आठवडाभर लिहून पाठवा, मी सभेत ठेवते. पण मोटारींचं तुम्हीच बघा, मी कुणाच्या घरात शिरू?' आता हे टाळणं की खरं बोलणं, तुम्ही ठरवा. मला दोन्ही वाटलं.

खडी आणि रेती
बघायचंच तर बादली लावून बघा. पुढच्या पाण्याला सगळ्यांनी मोटारी बंद ठेवायच्या, वीस लिटरची बादली किती वेळात भरते ते घड्याळ लावून मोजायचं आणि इथे लिहायचं. ज्याची मोटार चालू असेल त्याने निदान गप्प बसावं.

प्रभाग तेरा
मी तयार आहे. वरची टाकी एक दिवस रिकामी राहिली तर मरत नाही. पण टोकाच्या साहेबांनी पण बंद ठेवायची. आणि आजीच्या नातवाने पण.

केळीवाला
आजीला विचारतो. वचन देत नाही.

माईची लेक
आज पाणी आलं. ४:४०ला उघडलं, ५:३५ला बंद. मधली गल्ली, मोटार बंद, एक बादली दोन मिनिटं दहा सेकंद.

प्रभाग तेरा
एक मिनिट पाच सेकंद. मोटार बंद. बायको साक्षीला आहे.

टोकाचं घर
चार मिनिटं. मागच्या वेळी याच्या दुप्पट लागली होती. अर्धं पिंप भरलं, मोटार न लावता. एवढंच म्हणतो, जास्त नाही. आणि मधल्या गल्लीत दोन ठिकाणी घूं-घूं आवाज येत होता. नावं घेत नाही, पण माझे कान शाबूत आहेत.

केळीवाला
आजी म्हणते, आवाज कूलरचा होता.

प्रभाग तेरा
टोकाच्या साहेबांना विचारा, बादली कुठली होती? रंगाची असेल तर वीसची, आंघोळीची असेल तर सोळाची. चार मिनिटं नेमकी कशाची?

टोकाचं घर
रंगाची. तुमच्याच कमानीचा रंग संपल्यावर ठेकेदार टाकून गेला होता, मी उचलली.