कडाक्याची थंडी नाही तरी बाहेर लावलेले पाम जातात, नेमकं कुठे चुकतंय?

ओलीमाती

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे पण सगळं सांगितल्याशिवाय कुणाला नीट उत्तर देता येणार नाही म्हणून सविस्तरच लिहिते. आमच्याकडची हवा ना धड थंड ना धड गरम. हिवाळ्यात रात्री ४ ते ८ अंश, दिवसा १३-१४, आणि वर्षातून चार-पाच रात्री पारा ० ला टेकतो, पहाटे गवतावर दव गोठलेलं दिसतं आणि ऊन आलं की विरघळतं. पाऊस सगळा हिवाळ्यातच. उन्हाळ्यात २४-२५, फार झालं तर २८.

पामचं मला भयंकर वेड आहे आणि ते कुंडीत नाही, बाहेर जमिनीतच हवेत. तीन वर्षांत दोन नारळ, एक अरेका, एक बॉटल पाम आणि एक केंटिया लावला. केंटिया छान आहे, अरेका पिवळा पडून कसाबसा उभा आहे. नारळाचं मात्र दोन्ही वेळा अगदी एकसारखं झालं. पहिल्या वर्षी इतका सुंदर वाढला की विचारू नका, पाच पानं आली, पहिला हिवाळाही निघाला. दुसऱ्या हिवाळ्यात पानांवर तपकिरी ठिपके, मग खालच्या झावळ्या टोकाकडून वाळत गेल्या, आणि हिवाळा संपता संपता एक दिवस मधली सुरळी, म्हणजे अजून न उलगडलेलं कोवळं पान, जराशी ओढून बघितली तर अलगद हातात आली. खालचं टोक तपकिरी, बुळबुळीत, आणि आंबूस वास.

मला कळत नाहीये ते हे की ० च्या रात्री मी गोणपाटाने झाकलं होतं, त्या रात्री काहीच झालं नाही, सकाळी पानं हिरवीगार होती, आणि रोप मेलं त्यानंतर दोन महिन्यांनी, जेव्हा थंडी उलट कमी होत होती. मग मारलं कुणी? आणि आता बॉटल पामची पण सुरळी निघून आलीय, खोड अजून घट्ट लागतंय. वाचेल का?

मुळाक्षर

ताई, तुमचा नारळ ० च्या रात्रीने मेलेला नाही, तो थंड ओल्या मातीने मेलाय. मी अशाच हवेत बरीच वर्षं पाम लावतोय आणि सुरुवातीची सगळी रोपं याच कारणाने गमावली, म्हणून जरा विस्ताराने सांगतो.

आपण सगळे रोप घेताना एकच आकडा बघतो, किती अंशापर्यंत टिकतं. तो आकडा एका रात्रीचा असतो. पण तुमच्याकडे थंडी एका रात्रीची नाहीच, चार महिन्यांची आहे. दिवसा १३ आणि रात्री ५ म्हणजे सरासरी ९, आणि एक वीत खोल माती त्याच सरासरीच्या आसपास जाऊन बसते. नारळाची मुळं माती साधारण १८-२० च्या खाली गेली की मंदावतात आणि १५ च्या खाली जवळपास संपावर जातात. पाणी ओढत नाहीत, अन्न ओढत नाहीत, नवीन मूळ फुटत नाही. वरून पाऊस चालू, म्हणजे झोपलेली मुळं चिखलात. तिथे कूज लागणारच. पानं मात्र दिवसाच्या उन्हात पाणी बाहेर टाकतच असतात, म्हणून टोकं वाळतात आणि आपल्याला वाटतं पाणी कमी पडलं, म्हणून आपण आणखी पाणी घालतो. कृपा करून हे करू नका.

पहिल्या वर्षी सुंदर का वाढतो याचं कारणही सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. रोप तेव्हा मातीवर जगतच नसतं, नारळावर जगत असतं. उगवलेला नारळ कधी फोडून बघितलात तर आत पाण्याच्या जागी पांढरट पिवळा, कापसासारखा मऊ गोळा भरलेला दिसेल, गोडसर लागतो. तो आतलं खोबरं हळूहळू विरघळवून कोंबाला पुरवत असतो. ही शिदोरी वर्षभर, कधी त्याहून जास्त पुरते. ती संपली की रोप पहिल्यांदा स्वतःच्या मुळांवर येतं, आणि नेमका तोच तुमचा दुसरा हिवाळा. दोन्ही वेळा एकसारखं झालं ते उगाच नाही.

आणि पामला खोडातून दुसरी फूट येत नाही. आंबा-पेरूचा शेंडा गेला तर बाजूने फुटतो, एकट्या खोडाच्या पामला एकच कोंब, तो सगळ्या पानांच्या आत खोल लपलेला. तो कुजला की संपलं.

एक काम करा, साधा मातीत खुपसायचा थर्मामीटर घ्या आणि एक वीत खोलीवर रोज सकाळी बघा. हवेचा आकडा विसरा.

झावळी

मुळाक्षर यांचं बरोबरच आहे पण "हवेचा आकडा विसरा" हे मला पटत नाही. गोठलेल्या दवाने एका रात्रीत पानं गेलेली मी स्वतः बघितलीत, आणि ज्याची सगळी पानं जातात तो पुढचे चार महिने काय खाणार?

ताई, तुमचा थर्मामीटर भिंतीला टांगलेला असेल तर तो ३ दाखवत असताना उघड्यावरच्या पानाचा पृष्ठभाग ० च्या खाली असू शकतो. आकाश निरभ्र, वारा पडलेला, अशा रात्री पान आपली ऊब सरळ वर आकाशाकडे टाकतं आणि आजूबाजूच्या हवेपेक्षा दोन-तीन अंश थंड होतं. म्हणून ढगाळ रात्री काही होत नाही आणि स्वच्छ चांदणं पडलं की सकाळी पानं भाजल्यासारखी. यावर सगळ्यात चांगला उपाय म्हणजे डोक्यावर एखाद्या मोठ्या सदाहरित झाडाची फांदी. माझे दोन केंटिया एकाच दिवशी लावलेले, एक झाडाखाली एक उघड्यावर, पाच पावलांचं अंतर. उघड्यावरच्याची पानं दर हिवाळ्यात डागाळतात, झाडाखालच्याला आजवर एक डाग नाही.

झाकायचं असेल तर कापड किंवा गोणपाट, प्लास्टिक पानाला टेकू देऊ नका, जिथे टेकतं तिथेच पान जळतं. आणि झाकण जमिनीपर्यंत आणा, कारण रात्री ऊब मातीतून वर येते, नुसतं शेंड्यावर टोपी घालून काही होत नाही. सकाळी काढायचं, ओलं गोणपाट दिवसभर गुंडाळून ठेवलं तर बुरशीला आपणच बोलावलं. पालापाचोळ्याचं आच्छादन बरेच जण हिवाळाभर ठेवतात, पण ज्या रात्री दव गोठणार असं वाटतं त्या रात्री उघडी, दाबलेली, ओलसर माती जास्त ऊब सोडते, आच्छादन ती अडवून धरतं.

उताराच्या पायथ्याशी काही लावू नका. थंड हवा जड असते, पाण्यासारखी वाहत खाली येते आणि कुंपणाशी साचते.

रानवारा

बॉटल पामबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो, हे आधी करा कारण वेळ महत्त्वाचा आहे.

सुरळी निघून आली म्हणजे रोप मेलं असं नाही. कोंब त्या कुजलेल्या भागाच्या खाली असतो आणि बऱ्याचदा जिवंत असतो. जिथून सुरळी निघाली ते भोक दिसत असेल, त्यातला बुळबुळीत गाळ हलक्या हाताने काढा, ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड ओता. फेस येईल. फेस बसला की रोप थोडं वाकवून किंवा कापडाने टिपून आतलं पाणी काढा. दोन-तीन दिवसांनी परत, फेस येणं कमी होईपर्यंत. मग चार-पाच दिवस कोरडं राहू द्या आणि एकदाच कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांब्याचं बुरशीनाशक. दोन्ही एकत्र नाही, तांबं पेरॉक्साइडचा जोर लगेच घालवतं. आणि तांबं पुन्हा पुन्हा ओतायचं नाही, साचून कोंबालाच मारतं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेंड्यात पाऊस जाऊ देऊ नका. चार काठ्या आणि वर पारदर्शक पत्रा, बाजूने वारा खेळता. हिरवी पानं, अर्धी हिरवी असली तरी, अजिबात कापू नका, आता त्याच्याकडे तेवढंच आहे.

नवीन पान आखूड, चुरगळलेलं, अर्धं कापल्यासारखं येईल. घाबरू नका. ते पान हिवाळ्यात आत असतानाच दुखावलेलं असतं, बाहेर यायला महिने लागतात. माझ्या एका रोपाने अशी तीन पानं दिली आणि चौथं अखंड आलं.

ओलीमाती

सगळ्यांचे मनापासून आभार, किती बारकाईने लिहिलंय तुम्ही सगळ्यांनी. पेरॉक्साइड आजच ओतलं, खूप फेस आला, आणि टिपताना कापडावर पांढरे धागे आले. पत्रा उद्या लावते. मातीचा आकडा बघितला आणि धक्काच बसला, हवा दुपारी १७ होती आणि माती १०! केंटियाच्या खाली, भिंतीजवळ, १३. म्हणजे त्याच बागेत तीन अंशांचा फरक.

आता नारळाचा हट्ट सोडते. मग लावू काय? ताडासारखे पंखे नकोत, मला ते लांब, वाकणाऱ्या झावळ्यांचं, उष्ण प्रदेशातलं रूप हवंय.

मुळाक्षर

तुमच्या भिंतीजवळच्या ३ अंशांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. दिवसभर ऊन घेणारी भिंत रात्री तेच परत देते, ती जागा सगळ्यात नाजूक रोपासाठी राखून ठेवा. केंटियाला ती जागा गरजेची नाही, त्याला सावली चालते.

नारळाच्या रूपाच्या सगळ्यात जवळचं आणि तुमच्या हवेला मानवणारं म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरचा बांगालो पाम, आर्कोन्टोफिनिक्स कनिंगहॅमियाना. हिरवा गुळगुळीत देठ, जांभळट फुलोरा, आणि थंड मातीतही चालत राहतो, हाच त्याचा गुण. उणे २ च्या आसपास पानं भाजतात, पण तुमच्याकडे ते क्वचितच. पाणी भरपूर लागतं आणि लहान असताना कडक ऊन नको. केंटिया मूळचा लॉर्ड हाऊ या छोट्याशा बेटाचा, तिथली हवा बाराही महिने सौम्य, म्हणून त्याला तुमचं घर आपलंसं वाटतंय. फक्त फार सावकाश वाढतो, खोड दिसायला बरीच वर्षं धीर धरा. आणि न्यूझीलंडचा नीकाऊ, त्या देशाच्या मुख्य बेटांवरचा एकमेव मूळचा पाम, ४४ अंश दक्षिणेपर्यंत आपोआप उगवतो, जगात याहून दक्षिणेला दुसरा कुठलाही पाम रानात उगवत नाही. तो थंड उन्हाळ्यात खुश असतो, उलट कोरड्या कडक उन्हाने चिडतो.

एक गोष्ट मला फार उशिरा समजली. उष्ण प्रदेशातला म्हणजे ऊब मागणारा, असं समीकरण डोक्यात पक्कं असतं. पण कोलंबियाचा मेणाचा पाम, सेरोझायलॉन, विषुववृत्ताजवळचाच आहे आणि २००० मीटरच्या वर ढगांत वाढतो, ५०-६० मीटरपर्यंत जातो, जगातला सगळ्यात उंच पाम. त्याला रोजचे १२-१५ अंश म्हणजे घरचं वातावरण, गरम रात्री मात्र सोसत नाहीत. तसाच बोलिव्हियाच्या डोंगरातला पाराजुबिया, हा तर लांबून थेट नारळच वाटतो. अक्षांश बघू नका, त्या पामच्या डोंगराची उंची बघा.

भिंतीजवळ मादागास्करचा त्रिकोणी पाम लावून बघा, निचरा उत्तम असेल तर. बिस्मार्किया पंख्याच्या पानांचा आहे, तरी हवा असेल तर चंदेरी घ्या, हिरव्यापेक्षा थंडीला बराच काटक. लाल देठाचा लिपस्टिक पाम कुणी कितीही गळी उतरवला तरी घेऊ नका, तो १० अंशांच्या आसपासच मान टाकतो.

आणि काहीही लावताना खड्डा नको, उंचवटा करा. हात-दीड हात उंच ढीग, जाडसर वाळू आणि बारीक खडी मिसळून, आणि त्यावर रोप. पाणी निथळतं आणि ऊन लागलं की ढीग सपाट जमिनीच्या आधी तापतो. लावायची वेळ माती १८ च्या वर स्थिर झाली की लगेच, म्हणजे पूर्ण उन्हाळा मुळांना मिळतो. हिवाळ्याच्या तोंडावर स्वस्तात मिळालं म्हणून लावलेलं रोप बहुतेक वेळा जातं.

झावळी

तुमच्या पिवळ्या अरेकाबद्दल एक. नवीन पान चुरगळलेलं, टोकं करपलेली, पात्या आखडलेल्या असतील तर ते मँगनीज कमी पडल्याचं लक्षण, आणि मातीत मँगनीज असूनही थंड मातीत मुळं ते उचलत नाहीत. माती तापली की पुढचं पान आपसूक सुधारतं. जुनी पानं पिवळी-नारिंगी ठिपक्यांची असतील तर पोटॅशची कमतरता, ते मात्र उन्हाळ्यात द्यावं लागेल. नत्राचं खत उन्हाळा उतरला की बंद, नाहीतर कोवळी लुसलुशीत पानं घेऊन रोप थंडीत शिरतं.

ओलीमाती

अरेकाची जुनी पानं ठिपक्यांची आहेत, म्हणजे पोटॅश. लिहून ठेवलं.

बॉटल पामला आज सतरा दिवस झाले. फेस येणं थांबलंय, कॉपरही एकदा देऊन झालं. भोकाच्या तळाशी फिकट हिरवं टोक दिसतंय, तांदळाच्या दाण्याएवढं, आणि मी त्याच्या शेजारच्या देठावर त्याच उंचीला मार्करने रेघ मारून ठेवली होती. काल संध्याकाळी टोक रेघेच्या वर होतं, पट्टीने मोजलं, ४ मिलिमीटर. माती १४ आहे. पत्रा काढू की पाऊस पूर्ण थांबेपर्यंत ठेवू?

रानवारा

ठेवा! पाऊस थांबला आणि माती १८ झाली की मगच काढा, आणि काढाल तो दिवस ढगाळ बघून काढा, एकदम कडक उन्हात नको. रेघ रोज नका बघू, आठवड्याने बघा.