मदत हवी आहे: घाना-नायजेरियाच्या कोंबडीखताची तुलना कशी करू?

मंडळी, एमएस्सीच्या प्रबंधासाठी घानातल्या कुमासी आणि नायजेरियातल्या इबादानकडच्या शेतांत कोंबडीखत कसं वापरतात, याची तुलना करतेय. कुमासीचे भाजीवाले कोबी-लेट्यूसच्या वाफ्यांत ते सढळ हाताने घालतात. इबादानकडे मक्यावर हेक्टरी १० टनांचे प्रयोग बरेच झालेत.

पण खत सारखं कुठे असतं? पिंजऱ्याखालची ओली विष्ठा वेगळी, लाकडी भुशाचं लिटर (म्हणजे कोंबड्यांखालचं विष्ठा मिसळलेलं अंथरूण) वेगळं. भुसा जास्त असला की तो कुजताना मातीतलाच नत्र ओढतो. उघड्या ढिगाजवळ नाकाला झोंबतो तो अमोनिया, म्हणजे हवेत चाललेला नत्रच!

मग खताच्या टनांऐवजी त्यातल्या नत्र-स्फुरदावर तुलना करू का? आणि मातीचा सामू (pH), सेंद्रिय कर्ब मोजायला १५ सेंमी खोलीपर्यंतचेच नमुने पुरतील? कुणी असं काम केलं असेल तर कृपया सांगा, अगदी मनापासून विनंती.